घरचं एक माणूस

४ जानेवारी

तेजस्विनी आज आली. अप्पांनी सुट्टी टाकली आणि एकलहऱ्याहून नाशिकरोड स्टेशनवर गाडीच्या दोन तास आधी जाऊन बसले. माझ्या पदवीदानाच्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती. वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर माणसं कमी आहेत, ठेकेदार सोडत नाही, म्हणाले होते. ठेकेदार अजून तोच आहे.

माझी धाकटी बहीण, बारावी पास, मिलिटरी पोलिसात शिपाई. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तिची निवड झाली आहे. वीस फेब्रुवारीला ती वर्षभरासाठी दक्षिण सुदानला जाईल. निळी टोपी घालून. शेजारच्या मीनाकाकू दुपारी तीनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडलं, तर माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "तेजू झोपली का गं?"

माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय आहे 'शांतिसेनेतील सैनिकांची मानसिक सक्षमता'. हा विषय मी दीड वर्षापूर्वी निवडला. तिची निवड आता झाली. हे लिहून ठेवते, कारण सगळे उलटं समजतात.

६ जानेवारी

प्रबंधासाठी मी एक प्रश्नावली तयार केली आहे. चाळीस प्रश्न, एकूण गुण एकशेवीस. शांतिसेनेत जाऊन आलेल्या एकोणीस माजी सैनिकांकडून ती आजवर भरून घेतली. नांदगाव तालुक्यातले हवालदार गोटीराम बापू त्यातले सर्वांत मोठे. कांगोला जाऊन आलेले. ते म्हणाले होते, "पोरी, लढायला काय लागत नाय. हातात बंदूक असून ती न वापरता उभं राहायला लागतं. ते शिकायला सहा महिने गेले, अन् घरी आल्यावर तिथलं विसरायला दोन वर्षं." हे वाक्य मी पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला घातलं आहे.

आज तेजूला म्हटलं, तूही भर. ती आईबरोबर हरभऱ्याचे ओले घाटे सोलत बसली होती. उठली पण नाही. "तू वाच, मी सांगते," म्हणाली. दहा मिनिटांत चाळीस प्रश्न. मध्येच मी विचारलं, "समोर अन्याय होतोय आणि आदेश येत नाहीये. थांबू शकतेस?"

"थांबावंच लागतं ताई. दिल्लीला ट्रेनिंगमध्ये फाटकावर उभं करायचे आम्हाला. आमच्यातलेच दहा-बारा जण गावकरी बनून यायचे. शिव्या, चिखल, टोपी ओढणं. बंदुकीला हात लावायचा नाय आणि फाटक सोडायचं नाय. चाळीस मिनटं."

"त्या वेळी मनात काय चाललं होतं?"

"मनात? पाठीला खाज सुटली होती."

आई एवढी हसली की सूप कलंडलं. मी म्हटलं, मी गंभीरपणे विचारतेय. तेजू म्हणाली, "मी पण गंभीरपणे खाजवत होते. मनातल्या मनात."

तिचे एकशेबारा गुण झाले. आधीचा सर्वांत जास्त आकडा सत्त्याण्णव होता. मी बेरीज तीनदा केली. इतके गुण म्हणजे उत्तरं प्रामाणिक नसण्याची शक्यता असते. पुस्तकात तसं म्हटलं आहे.

९ जानेवारी

आज एक चांगली गोष्ट झाली. चांगलीच म्हणायला हवी.

जाणाऱ्या प्रत्येकाला फॉर्ममध्ये घरच्या एका माणसाचं नाव द्यावं लागतं. तिकडून दर रविवारी त्या माणसाला दहा मिनिटांचा फोन येतो. फोन झाला की छावणीतून त्या माणसाच्या मोबाइलवर तीन प्रश्न येतात. आवाज कसा वाटला? झोप लागते का? तुम्हाला काही काळजी वाटते का? सैनिक डॉक्टरपासून लपवतो, घरच्यापासून लपत नाही, म्हणून ही सोय. निघण्याआधीही डॉक्टर त्या माणसाशी एकदा बोलतात.

तेजूने माझं नाव दिलं आहे.

"आईचं का नाही दिलंस?"

"आई देवीला विचारून सांगेल," ती म्हणाली. दोघी हसलो. मग म्हणाली, "तुझा अभ्यासच आहे ना हा. तुला कळेल."

मला बरं वाटलं. जेवताना मात्र अप्पा म्हणाले, "बरं झालं, ज्योत्स्नाच्या शिक्षणाचा उपयोग झाला." म्हणजे आजपर्यंत झाला नव्हता. आणि झाला तोही तेजूच्या फॉर्मवर.

१० जानेवारी

काल तेजूच्या बोलण्यातून देवीचा विषय निघाला, म्हणून हे लिहून टाकते. कधीच नीट लिहिलं नाही.

सात वर्षांपूर्वीचा चैत्र. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. नांदगावच्या बाजारात भुसाराचं दुकान असलेलं एक स्थळ अप्पांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. मला कॉलेजला जायचं होतं. आई बोलून थकली, मामा बोलून थकला. अप्पा ऐकणारच नव्हते. मी नऊ दिवस फक्त दूध आणि फळं खाल्ली, वणीच्या गडाच्या पायऱ्या अनवाणी चढले आणि सप्तशृंगीला एकच मागितलं.

घरचे सगळे बरोबर होते. उतरताना अर्ध्यावर तेजूच्या अंगात आलं. सोळा वर्षांची पोर. केस मोकळे झाले, मान गरगर फिरायला लागली, दात ओठात रुतले. बायांनी हळदकुंकू वाहिलं. तिचा आवाज घोगरा झाला होता. अप्पांना नावाने हाक मारत म्हणाली, "रंगनाथा, मोठीला उजवू नको. तिला शिकीव. नायतर याद राख." अप्पांनी भर पायऱ्यांवर स्वतःच्या मुलीच्या पायांवर डोकं ठेवलं. नांदगावचं स्थळ त्याच आठवड्यात मोडलं.

पुढे तीन दिवस तिला मान वळवता येत नव्हती. मीच बाम चोळला.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. तरीही. उपास माझा, पाय माझे सोललेले, मागणं माझं. देवीला बोलायचंच होतं, तर माझ्या तोंडून का नाही? तेजू तर आदल्या दिवशी भेळ खाऊन आली होती. तेव्हापासून अप्पा तिच्याशी बोलताना आवाज खाली आणतात. घरातली पहिली पदवी माझी आहे, पण मान कोणाला मिळतो ते मला माहीत आहे.

पुढे बी.ए.ला मला त्या गोष्टीचं नाव कळलं. डिसोसिएशन. मनावरचा ताण असह्य झाला की माणसाचं स्वतःचं भान काही काळ सुटतं. त्या दिवशी वर्गात मला फार हलकं वाटलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही. ज्ञानाचा आनंद असावा.

१५ जानेवारी

तेजू काल दिल्लीला परत गेली. निघताना माझ्या हातावर तीळगूळ ठेवून म्हणाली, "डॉक्टर मेजर यादव म्हणून आहेत. फोन आला की घाबरू नको. चांगले हैत."

मी कशाला घाबरू?

२७ जानेवारी

फोन आला. सव्वाअकराला. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर होते. मेजर यादव हिंदीत बोलले, सावकाश. ती रागीट आहे का? नाही. घरी असताना झोपत होती? हो. कुणाच्या मृत्यूचा, अपघाताचा धक्का? नाही. शेवटी म्हणाले, "आम्हाला माहीत असावं असं तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

मी म्हटलं, मी स्वतः मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. म्हणाले, "अरे वा." मग मी सांगितलं की सोळाव्या वर्षी, घरात ताण असताना, तिला एकदा डिसोसिएटिव्ह एपिसोड आला होता. सुमारे वीस मिनिटांचा. उपचार झाले नाहीत.

कागद उलटल्याचा आवाज आला. "तिने फॉर्ममध्ये हे लिहिलेलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "आमच्या घरात त्याला वेगळं नाव आहे."

मी खोटं काही बोलले नाही. तिकडे एखाद्या प्रसंगात तिचं भान सुटलं, हातात बंदूक असताना, तर? ती, तिचे साथीदार, समोरची माणसं. सांगणं माझं कर्तव्य होतं. बहीण आहे म्हणून लपवलं असतं, तर शिकून उपयोग काय?

घरी येताना मी भेळ खाल्ली. फार दिवसांनी.

२९ जानेवारी

मार्गदर्शक मोहिनी मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी देतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"एकशेबारा गुण मिळालेली हीच ना?"

"हो."

"आणि ते अंगात आलेलं तू तिला कधी विचारलंस? तिला काय झालं होतं, काय आठवतं?"

"नाही मॅडम. पण लक्षणं स्पष्ट होती."

"एकोणीस म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन दोन-दोन तास बसलीस. बहिणीला एक प्रश्न नाही विचारलास?"

मॅडमना गड माहीत नाही. त्या पुण्याच्या.

४ फेब्रुवारी

तेजूला थांबवलं आहे. दुपारी तिने अप्पांना फोन केला. मेडिकलला काहीतरी अडलंय, म्हणाली. तिच्या जागी राखीव यादीतली मुलगी तयार ठेवली आहे. आठवडाभरात ठरेल. अप्पा पलंगाच्या कडेवर बसून राहिले, पायात एकच बूट. आई म्हणाली, "कोणाची नजर लागली माझ्या लेकराला." आणि मिरच्या-मीठ काढायला आत गेली. नजर कोणाची हे तिला ठाऊक नाही, म्हणून ती रिकाम्या खोलीवरूनच मिरच्या उतरवत होती.

मी अप्पांना दुसरा बूट घातला.

५ फेब्रुवारी

मेजर यादवांनी आज आईला फोन केला. खातरजमा करायला. मी समोरच होते, पण आईने फोन कानाला असा घट्ट लावला होता की काही करता आलं नाही. ते काय विचारत होते ते आईच्या उत्तरांवरून कळत होतं.

"हां साब. हां, आई थी ना! गडवाली! हमारी तेजू के अंग में आई थी... बराबर, सोला साल की थी... नाय नाय, बीमार काय को? वो तो नसीब है साब. उसके साथ देवी है, वो किस से डरेगी!... फिर से? आएगी ना, काय को नहीं आएगी!"

फोन ठेवून आई उजळून गेली होती. "लय चांगला माणूस. मी सगळं सांगितलं. आता पाठवतील बघ तिला."

मला ओरडायचं होतं. मी पाणी प्यायले.

७ फेब्रुवारी

तेजूचा फोन, माझ्या मोबाइलवर. मी गच्चीवर गेले.

"ताई, अंगात आलेलं साहेबांना तू सांगितलंस ना?"

"मी खरं तेच सांगितलं."

"बरं." तिच्यामागे कुणीतरी कवायतीचे आकडे मोजत होतं. "तू शिकलेली हैस म्हणून तुझं नाव लिवलं होतं मी."

"तेजू, हा आजार असू शकतो. लाजण्यासारखं काही नाही त्यात."

"आजार!" ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "अगं बाई, काय आलं नव्हतं माझ्या अंगात. नांदगाववाले सुपारी फोडायला येणार होते. तू न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस. अप्पा कुणाचंच ऐकंनात. कुणाचं ऐकतील? देवीचंच ना? पायऱ्यांवर दोन बाया घुमत होत्या, त्यांचं बघितलं अन् केलं. ओठ खरंच फाटला माझा. मान तर मोडलीच होती."

मी म्हटलं, "मग डॉक्टरांना हे सांगून टाक."

"सांगेन. ते माझ्यावर नाय अडलं. पण त्यांनी परत आईला फोन लावला तर? आईला कसं सांगू, गडावर मी नाटक केलं? अन् अप्पा? माझ्या पायावर डोकं ठेवलेला माणूस है तो." मग म्हणाली, "जाऊ दे. पुढच्या तुकडीत बघू. तू अभ्यास कर."

तिने फोन ठेवला. रागावलीसुद्धा नाही. निदान तेवढं तरी करायचं.

८ फेब्रुवारी

सात वर्षं मी समजत होते की माझं मागणं ऐकलं गेलं.

कोणी ऐकलं नव्हतं. भेळ खाऊन आलेल्या एका पोरीने ओठ फाडून घेतला, एवढंच झालं. भिंतीवरचं माझं पदवीचं प्रमाणपत्र आज बघवेना. तेसुद्धा तिचंच निघालं. तिला सगळंच जमतं. द्यायलाही जमतं, आणि दिलेलं सात वर्षं न बोलायलाही. मी तर एका फोनवर सगळं सांगून टाकलं.

माझ्या चाळीस प्रश्नांत असं काही मोजणारा एकही प्रश्न नाही. मी आज पुन्हा सगळे वाचले.

९ फेब्रुवारी

सकाळी दहाला मेजर यादवांना फोन केला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला तेव्हा तयार केलेली वाक्यं विसरले.

म्हटलं, त्या दिवशी जे सांगितलं ते चुकीचं होतं.

"घडलं नव्हतं का?"

"घडलं होतं. पण ते आजारपण नव्हतं. तिने ते मुद्दाम केलं होतं, माझं लग्न थांबवण्यासाठी. आणि मी तुम्हाला सांगितलं ते कर्तव्य म्हणून नाही." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला तिचा हेवा वाटतो, सर. लहानपणापासून."

ते म्हणाले, "ज्योत्स्नाजी, दोन आठवड्यांत तुम्ही मला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. दुसरी खरी कशावरून?"

मला एकच उत्तर सुचलं. "पहिली सांगितली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आत्ता वाटत नाहीये."

ते काहीतरी लिहीत असावेत. मग म्हणाले, "माझी मावशी दर नवरात्रात घुमायची. एवढ्यावरून मी कोणाला थांबवत नाही. फॉर्ममध्ये नसलेली गोष्ट घरातून आली, म्हणून थांबवलं. तिच्याशी मी बोलेन."

"आईला पुन्हा फोन कराल का? तिला हे माहीत नाही."

"त्याची गरज नाही. पण एक बदल करावा लागेल," ते म्हणाले. आवाज तितकाच सावकाश. "घरचं माणूस म्हणून तुमचं नाव राहणार नाही. त्या कामाला तिच्या फोनने आनंद होणारं माणूस लागतं. तुम्ही समजू शकाल. तुमचाच विषय आहे."

मी समजू शकते.

१२ फेब्रुवारी

तेजू जाणार. अप्पांनी पेढे आणले, मीनाकाकूंना आधी दिले. तेजूने फोनवर मला सांगितलं, तिनेही साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणे पाच मिनिटं गंभीर बसले आणि मग विचारलं, "दर्द हुआ था?" ती म्हणाली, "गर्दन में सर, तीन दिन." तेव्हा हसले.

माझ्या फोनबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही. घरचं माणूस आता आई आहे. आईने आपला मोबाइल साडीच्या फडक्याने पुसून देवाजवळ ठेवला आहे.

२० फेब्रुवारी

गेली.

१ मार्च

प्रबंधातून तेजूची प्रश्नावली काढून टाकली. मोहिनी मॅडमनी कारण विचारलं. म्हटलं, संशोधक तटस्थ नव्हती. मॅडम म्हणाल्या, "हे वाक्य प्रबंधात लिही. काढू नकोस तिला." अजून ठरवलं नाही.

१५ मार्च

आज रविवार, तिचा तिसरा फोन. आई ओट्यापाशी उभी राहून बोलते, मोबाइल डब्याला टेकवून, म्हणजे चेहरा दिसतो. दहा मिनिटं. मी आत जात नाही. मला कोणी मनाई केलेली नाही.

फोन झाला की आई प्रश्न माझ्याकडे आणते, कारण तिला ते वाचता येत नाहीत. ती सांगते, मी भरते. जसंच्या तसं. एक शब्द घालत नाही, एक गाळत नाही.

"आवाज कसा वाटला?"

"चांगला. लिही, खणखणीत."

"झोप लागते का?"

"लागते म्हणाली."

आज इथे माझं बोट थांबलं. पाणवठ्यावर बायांची भांडणं होतात, तिथे तिची ड्युटी असते, हे ती आईला सांगत होती ते मला ऐकू आलं होतं. त्यात ती दोनदा मध्येच थांबली. एकच गोष्ट दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा सारखीच हसली. गोटीराम बापू असेच हसायचे, सांगायचं नसेल तेव्हा. मला खरंच काही ऐकू आलं, की ऐकू यावं असं मला वाटत होतं? पूर्वी मी हे छातीठोकपणे सांगितलं असतं.

"आई, ती झोपेबद्दल नक्की काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

"म्हणाली, लागते गं, पहाटे पहाटे लागते."

मी तेच लिहिलं. 'पहाटे पहाटे लागते.' माझ्याकडून अर्थ जोडला नाही.

"तुम्हाला काही काळजी वाटते का?"

आईने पदराने ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. "ती काय म्हणाली माहितीये का, फोन ठेवताना? म्हणाली, ताई कुठाय. मागच्या रविवारी पण विचारलं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, अभ्यास करतीये, मध्ये नको बोलवू."

मी दाराच्या मागे उभी होते. तिन्ही रविवार. अभ्यास वगैरे काही करत नव्हते.